पालखी हलण्याआधीचं गाऱ्हाणं : एका अंगणवाडीतलं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातलं आहे. गावाचं नाव लिहीत नाही, वाड्यांची नावं बदलली आहेत आणि मुलांना त्यांच्या खेळातल्या कामावरून ओळखायचं ठरवलं आहे : थोरला, ढोलवाला, बागेतली. मी तेव्हा त्या बीटाची, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाची, पर्यवेक्षिका होते. आठवड्यातून एकदा चक्कर मारणारी, नोंदवह्या तपासणारी. तरी या प्रकरणात माझा हात आहे आणि त्यातली सगळ्यांत मोठी चूकही माझीच आहे.

पार्श्वभूमी

अंगणवाडी एका खोलीची. पुढे पत्र्याची पडवी, मागे खिचडी शिजवायची आडोशाची जागा, बाजूला जिल्हा परिषदेची शाळा. पटावर २३ मुलं, तीन ते सहा वर्षांची. त्यातली १२ वरच्या वाडीतली, ७ बंदरवाडीतली आणि ४ आंब्याच्या बागांतली. हापूसच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. मोहोर धरल्यापासून वानरं हाकायची, रात्रीची राखण करायची, पुढे आंबा उतरवायला हात लावायचा. काही कुटुंबं बारा महिने बागेतच राहतात, काही आंबा संपला की निघतात. त्यांची पोरं अंगणवाडीत येतात, दोनेक महिन्यांत मराठी बोलायला लागतात आणि पावसाच्या तोंडावर त्यातली काही दिसेनाशी होतात.

सेविका १८ वर्षं या कामात. गावची सून, राहायला बंदरवाडीत. मदतनीस वरच्या वाडीतली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण सेविका गावातलीच असते. सकाळी ज्या पोरांना गाणी शिकवते, त्यांच्याच आजोबांसमोर तिला संध्याकाळी देवळात उभं राहायचं असतं. गावाशी वाकडं घेऊन तिला राहता येत नाही, आणि हे तिच्या प्रत्येक निर्णयात असतं, मग आम्ही प्रशिक्षणात काही का सांगेनात.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली : मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जायचं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेलं. मला या कल्पनेचं कौतुक आहेच. पण एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. बालवाडी अंगणात गेली की अंगणातलं सगळं बालवाडीत येतं. रांगोळी येते, ओव्या येतात, आणि मानही येतो.

मान म्हणजे काय ते शिमग्यात कळतं. फाकपंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, गावाच्या अंगात येतं. देवाला रुपं, म्हणजे धातूचे मुखवटे, लागतात, पालखी सजते, सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, बसते, मग घरोघरी फिरते. पहिला खांदा कोणाचा, निशाण कोणाचं, ढोल कोणाचा, कोणाच्या दारात पालखी आधी जाणार, हे पिढ्यांपिढ्यांचं ठरलेलं असतं. त्यावरून भांडणं होतात, आणि काही गावांत पालखी पोलीस बंदोबस्तात निघते. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची सत्ता, १९४९ च्या कायद्याने जाऊन पाऊणशे वर्षं झाली. जमिनीवरून गेलेला मान खांद्यावर मात्र अजून शाबूत आहे.

प्रश्न कुठे उभा राहिला

फाकपंचमीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांनी अंगणवाडीत पालखी केली. पाट उलटा करून त्याला दोन सुरूच्या काठ्या बांधल्या, वर तांब्या ठेवला, तांब्याला झेंडूची माळ. बिस्किटांचा पत्र्याचा डबा हा ढोल. त्या आठवड्याच्या नियोजनात पाणी आणि त्याचे उपयोग असा काहीतरी विषय होता. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि पोरांना खेळू दिलं. मला विचाराल तर हा या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय.

थोरला सहा वर्षांचा व्हायला आलेला. त्याच्या घरी पहिल्या खांद्याचा मान. त्याने कामं वाटली : तू निशाण, तू ढोल, तुम्ही दोघं मागे. वरच्या वाडीतल्या मुलींना ओटी भरायला बसवलं. बंदरवाडीतल्या एका मुलाला म्हणाला, "तुमचा ढोलाचा मान." तो खूश. त्याच्या घरी खरंच ढोलाचा मान आहे.

बागेतली पाच वर्षांची मुलगी काठीला हात लावायला पुढे आली. थोरला म्हणाला, "तुमची पालखी नाय हाय ती. तू बघ."

ती बघत बसली. रडली नाही, कोणी तिला ढकललंही नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. बाईंनी पाहिलं होतं, पण ज्याला तक्रार म्हणावी असं काही घडलेलंच नव्हतं. वर्गात २०-२२ पोरं असली की बाईंचं लक्ष रडणाऱ्याकडे जातं, गप्प बसलेल्याकडे जात नाही.

तिसऱ्या दिवशी मदतनीसताई भांडी घासायला मागे गेल्या. ती मुलगी तिथे खराटा खांद्यावर घेऊन, एकटीच, पाय नाचवत फिरत होती. खराट्याच्या टोकाला तिने झेंडूचं एक फूल खोचलं होतं. मदतनीसताईंनी हे बाईंना सांगितलं आणि बाईंनी मला.

पहिला उपाय आणि माझी चूक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, त्यापाठोपाठ २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, तीन ते आठ वयोगटाचा. त्यावरच्या प्रशिक्षणातून मी तेव्हा नुकतीच परतले होते आणि डोकं भरलेलं होतं. मुलांना निर्णयात सहभागी करून घ्या, हे वाक्य ताजं होतं. बाईंचा फोन आला तेव्हा मी जीपमध्ये होते. म्हटलं, "मतदान घ्या ना! चिंचोके द्या एकेक. लोकशाही शिकतील."

बाईंनी घेतलं. दोन करवंट्या ठेवल्या. एक 'हो'ची, एक 'नाही'ची. प्रश्न असा : तिला पालखीला खांदा द्यायचा का? मुलं एकेक करून उठली आणि सगळ्यांसमोर चिंचोका टाकून आली. हजर १९. 'हो'च्या करवंटीत ५, 'नाही'च्या करवंटीत १४.

त्या १४ मध्ये एक चिंचोका तिचा स्वतःचा होता. बाईंनी पाहिलं. ज्या करवंटीत सगळे टाकतात तिच्यातच तिने टाकला.

थोरला म्हणाला, "बघा. सगल्यांनी सांगितलं." काल जे एका मुलाचं म्हणणं होतं, ते आज वर्गाचा निकाल झालं, आणि तेही बाईंच्या सहीशिक्क्यानिशी. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आली नाही. तीन दिवस आली नाही.

चूक नेमकी कुठे झाली यावर मी बरेच दिवस विचार केला. मुलं लहान होती म्हणून मतदान फसलं असं मला वाटत नाही. कोणती गोष्ट ऐकायची, बाहेर खेळायचं की आत, यावर हीच पोरं नंतर चिंचोके टाकून छान निर्णय घ्यायला लागली. चुकलं ते प्रश्नात. खेळात कोणाला घ्यायचं की नाही, ही मताला टाकायची बाबच नव्हती. आपल्या राज्यघटनेनेसुद्धा मूलभूत हक्कांचा भाग वेगळा काढून ठेवला आहे. साध्या बहुमताने कोणाचं माणूसपण काढून घेता येऊ नये, म्हणून. मोठ्यांच्या लोकशाहीत जे मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकले, ते दोन करवंट्यांच्या अंतरावर विसरले. शिवाय मत उघड घेतलं, आणि मत घेण्याआधी कोणी कोणाशी एक शब्द बोललं नव्हतं. जिच्याबद्दल ठरवायचं तिचं म्हणणं तर कोणी विचारलंच नाही.

काय काय करता आलं असतं

मी दुसऱ्याच दिवशी गेले. पोरं घरी गेल्यावर पडवीत आम्ही तिघी चहा घेऊन बसलो.

पालखीचा खेळ बंद करावा, ही बाईंची पहिली सूचना. घरोघरी कुरबुर सुरू व्हायच्या आत पाट पाटाच्या जागी गेलेला बरा. पण मग पोरांना काय कळलं असतं? तिच्यामुळे आपली पालखी गेली, हेच. ती परत आली असती तेव्हा तिच्याशी कोणी बोललंही नसतं.

मी म्हटलं, बाईंनी सरळ सांगून टाकावं : उद्यापासून सगळ्यांनी आळीपाळीने खांदा द्यायचा. हा मार्ग सोपा, आणि कित्येकदा तोच योग्यही असतो. कोणी कोणाला मारत असेल तर तिथे चर्चा नाही करत बसायचं. पण इथे बाई हुकूम देऊन खिचडी वाढायला मागे गेल्या की पडवीत पुन्हा थोरल्याचं राज्य. मला महाडची आठवण झाली. नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता; त्या पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारोंच्या जमावासह स्वतः तळ्यावर गेले तेव्हा. ठराव हवाच. पण मधली तीन वर्षं तो कागदावरच होता.

पालखी सोडून होडीचा खेळ घ्यावा, असंही निघालं. होडीत मान नसतो, बाई म्हणाल्या. मदतनीसताई हसल्या. "होडीत तांडेल नसतो काय?" तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या.

आणि मग मदतनीसताईच म्हणाल्या, "पण मी काय म्हणते, आपल्याकडं पालखी हलायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. ही पोरं नुसतीच पालखी नाचवतात. गाऱ्हाणं कुठाय?"

आम्ही दोघी गप्प. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे घातलेलं साकडं. एक जण बोलतो, बाकी सगळे "व्हय महाराजा!" म्हणतात. आणि गाऱ्हाणं म्हणजे तक्रारही. भाषेने दोन्ही अर्थ एका शब्दात बांधून ठेवले आहेत आणि गावातल्या प्रत्येक पोराला ते तोंडपाठ आहे. प्रशिक्षणात आम्ही याच गोष्टीसाठी 'गोलात बसून संवाद' वगैरे शब्द वापरतो. इतकी वर्षं मदतनीसताई आमच्या चर्चांना चहा करून देत होत्या. त्यांना काय वाटतं हे मी त्या दिवशीसुद्धा विचारलं नव्हतं. त्या आपणहून बोलल्या.

एक कच्चा दुवा होता : देवाच्या गोष्टीची थट्टा होते आहे असं कोणी म्हटलं तर? बाई म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा बघू. हा निर्णय त्यांचा. त्यांच्या जागी मी असते तर बहुधा घाबरले असते.

काय केलं

आधी मुलीला आणायचं होतं. बाई आणि मदतनीसताई दोघी संध्याकाळी बागेत गेल्या. तिची आई एवढंच म्हणाली, "जाना नहीं बोलती है." बाईंनी मुलीला काही समजावलं नाही. तिच्याकडून नेपाळीत चार शब्द शिकून घेतले : पाणी, भात, फूल, खांदा. पाणी, भात आणि फूल जवळपास आपलेच निघाले. खांद्याला ती म्हणाली, काँध. चौथ्या दिवशी मुलगी आली.

नियम दोनच ठरवले. नारळ ज्याच्या हातात, तो बोलणार. ज्यांना बोलायचं त्या सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय पालखी हलणार नाही.

पहिल्या दिवशी चपलांचा विषय निघाला. कोणीतरी कोणाचीतरी चप्पल कौलांवर टाकली होती. व्हय महाराजा! खिचडीत मीठ कमी होतं. व्हय महाराजा! माझ्या आईला बाळ होणार आहे. व्हय महाराजा! ही काही तक्रार नव्हती, पण नारळ हातात होता. एका तीन वर्षांच्या पोराने नारळ घट्ट धरला आणि काहीच बोललं नाही. नारळ सोडायलाही तयार नाही. त्यालाही सगळ्यांनी व्हय महाराजा म्हटलं, तेव्हा त्याने तो दिला.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई फोनातच बघत बसतात."

बाई पोषण ट्रॅकर भरत होत्या. हजेरी, आहार, वजनं, सगळं त्या अ‍ॅपवर वेळेत गेलं नाही तर मागून विचारणा होते, आणि ती विचारणा करणारी मीच. बाईंना हे सगळं मुलांना सांगता आलं असतं. त्यांनी नारळ मागितला आणि म्हणाल्या, "ही खरं बोलली. ते कामाचं असतं, पण तुम्ही असता तेव्हा मी बघायला नको." त्या दिवसापासून जे भरायचं ते पोरं घरी गेल्यावर. एखाद्या दिवशी सकाळचं काही अडलंच तर त्या सांगून फोन घ्यायच्या.

बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता १९८९ ची. भारताने ती १९९२ मध्ये मान्य केली. तिच्या कलम १२ मध्ये मुलाने आपलं मत मांडण्याचा हक्क आहे, आणि लगोलग असंही आहे की वय आणि समज पाहून त्या मताला योग्य वजन दिलं जावं. आम्ही पहिला भाग भाषणात सांगतो. दुसरा मी त्या खोलीत पाहिला. माझ्या मते या प्रकरणातला कळीचा क्षण पालखीशी संबंधित नव्हताच. तो हा होता. बाईंवरचं गाऱ्हाणं बाईंनी ऐकलं आणि त्याप्रमाणे वागल्या, हे पाहिल्यावर मुलांना नारळाचा भरवसा आला.

बागेतली मुलगी तीन दिवस नारळ हातात घेऊन पुढे देत होती. पाचव्या दिवशी बोलली. "मला पण काँध." दोघं-तिघं हसले. ढोलवाला म्हणाला, "खांदा म्हणते ती." मागून मदतनीसताईंनी व्हय महाराजा म्हटलं, मग चार-पाच मुलांनी. थोरला गप्प.

बाईंनी विचारलं, "मग आता काय करूया?" आणि त्या थांबल्या. मी त्या दिवशी हजर होते. एवढी शांतता सहन करणं सोपं नसतं. माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती.

थोरला म्हणाला, "ती बुटकी हाय. पालखी पडंल."

मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. बाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी नंतर सांगितलं ते मी शब्दशः लिहून ठेवलं आहे : आदल्या आठवड्यात तो म्हणाला होता 'तुमची नाही', आज म्हणाला 'पडेल'. मानावर बोलता येत नाही, पडेल की नाही हे बघता येतं. त्या म्हणाल्या, "बघूया पडते का."

पडली. तिच्या बाजूला पाट कलला, तांब्या घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला. थोरल्याचं म्हणणं खरं ठरलं. पण आता प्रश्न बदलला होता, आणि तो सगळ्यांना सुटण्याजोगा वाटायला लागला. दाराच्या चौकटीला पाठ लावून उंच्या बघितल्या. एका उंचीची चार-चार पोरं एकत्र. एक जण म्हणाला, घरच्या पालखीलापण खांदे बदलतातच की, दर घराला. मग फरशीवर खडूने सहा गोल काढले, एक गोल म्हणजे एक घर. प्रत्येक घराला खांदे बदलायचे.

दुसऱ्या घराला थोरल्याला काठी सोडावी लागली. तो रडला. मोठ्याने, नाक पुसत. नारळ मागून घेतला आणि म्हणाला, "आमचा मान हाय." सगळ्यांनी व्हय महाराजा म्हटलं. बागेतलीनेही म्हटलं.

इथे बाईंचं आणि माझं पटलं नाही. त्यांनी ठरवलं की सहाणेवरून पालखी उचलताना पहिला हात त्याचा, पुढे मात्र सगळ्यांसारखी पाळी. माझं म्हणणं, हा मान कायम ठेवणंच झालं. त्या म्हणाल्या, "मॅडम, सहा वर्षांच्या पोराकडून आठ दिवसांत त्याच्या आजोबांचं सगळं काढून घेऊ नका. त्याचंही गाऱ्हाणं आहे." आठवडाभराने कोणीतरी नारळ घेऊन "मलापण पहिला हात" म्हटलं आणि तो पाळीने फिरायला लागला. पण तसं झालं नसतं तर? या प्रश्नावर आमचं आजही एकमत नाही.

आबा आले

चार दिवसांनी थोरल्याचे आजोबा आले. गावात बातमी पोचली होती.

"पोरांचा खेळ म्हणून सोडला असता गो. पण गावात काय बोलतात ते ऐकलंस? बागवाल्याची पोर खांदा देते म्हणे."

बाईंनी त्यांना समानता, संविधान, कसलंच काही सांगितलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "आबा, उद्या दहाला या. पोरं गाऱ्हाणं घालतात ते एकदा ऐका. मग काय ते बोला."

ते आले आणि पूर्ण वेळ बसले. मधेच त्यांना राहवेना. "गाऱ्हाणं मागण्यापासून सुरू करायचं नसतं रे. आधी देवाचं नाव, मग गावाचं बरं, मग आपलं." मुलांनी हे लगेच उचललं. त्याच दिवशी वरच्या वाडीचं बरं कर, बंदरवाडीचं बरं कर, अंगणवाडीचं बरं कर आणि खिचडीचं बरं कर इथपर्यंत गाडी गेली. बागेचं नाव त्या यादीत यायला दोन दिवस लागले. ते थोरल्याने घातलं, बहुधा आंब्यांसाठी.

आबा उठताना म्हणाले, "खेळण्यातलं हाय तवर ठीक. सहाणेवर आणू नका." त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. नातवाला त्यांनी अंगणवाडीतून काढलं नाही आणि गावात विषय वाढवला नाही, एवढं खरं. बाईंना तेवढं पुरेसं होतं.

पुढे काय झालं

शिमगा संपल्यावर पंधरा दिवसांत काठ्यांची दोरी तुटली आणि पालखी मोडली. गाऱ्हाणं चालू राहिलं. वैशाखात बागेतलं कुटुंब निघून गेलं. जूनमध्ये थोरला पहिलीत गेला. शेजारच्या शाळेतल्या गुरुजींनी ऑगस्टमध्ये बाईंना सांगितलं की तुमच्याकडून आलेली पोरं मध्येच 'माझं गाऱ्हाणं आहे' म्हणतात, त्याने शिकवणं अडतं. ते कौतुकाने म्हणाले की वैतागून, हे बाईंना कळलं नाही.

मुलीत काय बदल झाला हे मला नीट सांगता येणार नाही. पुढे ती रोज यायची. नारळ हातात आला की कधी बोलायची, कधी नाही. शेवटच्या महिन्यात एकदा तिने मदतनीसताईंविरुद्ध गाऱ्हाणं घातलं, की त्या खराटा लपवून ठेवतात.

आज करायचं तर

मतदान आधी नाही, आणि कोणा मुलावर कधीच नाही. हे तर झालंच. मुलीच्या आईशी बोलायला पहिल्या आठवड्यातच जायला हवं होतं. आम्ही मूल यायचं बंद झाल्यावर गेलो. गाऱ्हाणं सुरुवातीला पाऊण तास चालायचं आणि तीन वर्षांची पोरं कंटाळून एकमेकांना चावायला लागायची. नंतर बाईंनी दहा-बारा मिनिटांची मर्यादा घातली आणि उरलेल्यांचा नंबर दुसऱ्या दिवशी आधी. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून हवी होती.

पण मला सलतो तो ढोलवाला. माझ्या नोंदीत तो तीनदा आहे. तिन्हीदा खूश. 'तुमचा ढोलाचा मान' म्हटल्यावर तो हसला म्हणून आम्ही कोणी त्याला विचारलं नाही की तुला पालखी धरायची आहे का. खांदे बदलायला लागल्यावर त्याचीही पाळी आली, पण तो दर वेळी डबा घेऊन परत जागेवर जायचा. आवडत होतं म्हणून, की तेच आपलं काम असं त्याला चार वर्षांत शिकवलं गेलं होतं म्हणून? ओटी भरायला बसवलेल्या मुलींचंही तेच. बागेतलीने मागितलं, कारण तिला आपली जागा कोणी शिकवली नव्हती. ज्यांना ती आधीच नीट शिकवून झाली होती, त्यांचं गाऱ्हाणं नारळापर्यंत आलंच नाही. हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा हे दिसलं, आणि यावर काय करायचं ते माझ्याकडे तयार नाही. बाई सध्या एक करून बघताहेत : आठवड्यातून एक दिवस कामं चिठ्ठ्यांनी वाटायची. चिठ्ठीवर ढोलाचं, निशाणाचं, ओटीचं चित्र.

जुलैच्या बीट बैठकीला बाई पिशवीतून नारळ घेऊन आल्या. २२ सेविका, बाहेर पाऊस, आणि अजेंड्यावर पोषण ट्रॅकरच्या प्रलंबित नोंदी. म्हणाल्या, "मॅडम, सुरू करायच्या आधी पाच मिनिटं." पहिला नारळ मागच्या रांगेतल्या एका सेविकेने घेतला. गाऱ्हाणं माझ्यावर होतं. मी रात्री साडेआठनंतर फोटो पाठवा म्हणून मेसेज करते, आणि सकाळी आठला का आले नाहीत म्हणून फोन. २२ जणींनी व्हय महाराजा म्हटलं. मला म्हणायला थोडा वेळ लागला.